दगडी पायऱ्यांचा खान्देश

जळगाव रेल्वे स्थानकावर पहाटेच्या गाड्यांतून परदेशी प्रवासी उतरताना जळगावकरांनी वर्षानुवर्षे पाहिले आहेत. कुणी जपानमधून आलेला असतो, कुणी फ्रान्समधून. अर्धे जग ओलांडून आलेल्या या मंडळींना जळगाव शहरात फारसा रस नसतो. स्थानकाबाहेर कपभर चहा घ्यायचा, बसस्थानक कोठे आहे ते विचारायचे आणि अजिंठ्याची गाडी पकडायची, एवढाच त्यांचा जळगावशी संबंध. त्याच फलाटावर एखादे स्थानिक कुटुंब मुंबईच्या गाडीची वाट पाहत उभे असते. सामानावर सहल कंपनीची रंगीत चिठ्ठी असते आणि पुढचा पत्ता स्वित्झर्लंडचा असतो. अजिंठ्याचा विषय निघालाच तर उत्तर ठरलेले. ‘तो काय, शाळेच्या सहलीत पाहिलाय!’

परदेश पाहू नये असे सुचवण्याचा येथे हेतू नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी अवश्य पाहावा. मात्र जगातील ज्या निसर्गदृश्यांसाठी माणसे लाखो रुपये मोजून हजारो मैल जातात, त्यांपैकी काहींची घडण आणि खान्देशच्या कडेकपाऱ्यांची घडण एकाच जातीची आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असते. ते एकदा समजले, की तेथील दृश्यही अधिक चांगले दिसते आणि येथील तर हमखास. ज्याला आपण ओसाड, उन्हाने करपलेला डोंगर समजतो, तो नेमका काय आहे हेही त्यातून उलगडते.

प्रारंभ खडकापासून करू. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी दख्खनच्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त लाव्हारस बाहेर येऊन पसरला. चित्रात दाखवतात तसा शंकूच्या आकाराचा, धूर ओकणारा ज्वालामुखी येथे डोळ्यांपुढे आणू नये. दूध उतू जाऊन ओट्यावर पसरावे, तसा हा रस मैलोन् मैल पसरत गेला. एक थर थंड झाला, काही काळ गेला, त्यावर दुसरा थर आला. असे थरावर थर चढत गेले. आज त्यांनी व्यापलेले क्षेत्र सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर आहे. प्रत्येक थराचा मधला भाग घट्ट आणि कठीण असतो, तर वरचा भाग वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आणि ठिसूळ राहतो. दोन थरांच्या मध्ये कित्येकदा भाजलेल्या विटेसारखा लाल मातीचा पट्टा सापडतो. पाऊस आणि वारा ठिसूळ भाग लवकर खाऊन टाकतात, कठीण भाग मागे उरतो आणि डोंगराला पायऱ्या पडतात. या खडकाला भूगर्भशास्त्रात ‘ट्रॅप’ म्हणतात. तो शब्द स्वीडिश भाषेतील ‘जिना’ या अर्थाच्या शब्दावरून आलेला आहे. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना खिडकीतून समोरच्या डोंगराकडे पाहावे. एकावर एक रचलेल्या आडव्या पट्ट्या दिसतात. हाच तो जिना.

आता जगाकडे वळू. अर्जेंटिना आणि ब्राझील यांच्या सीमेवरचा इग्वासू हा धबधबा जगातील सर्वांत भव्य धबधब्यांपैकी एक मानला जातो. त्याचे पाणी एकाच झेपेत खाली येत नाही, टप्प्याटप्प्याने कोसळते. कारण तेथेही लाव्ह्याचे थर आहेत आणि त्यांना अशाच पायऱ्या पडल्या आहेत. ते थर आपल्या थरांहून जुने, सुमारे १३ कोटी वर्षांपूर्वीचे. आफ्रिकेत झांबिया आणि झिंबाब्वे यांच्या सीमेवर झांबेझी नदी ज्या कड्यावरून १०८ मीटर खाली झेपावते, तो व्हिक्टोरिया धबधब्याचा कडाही लाव्ह्यापासून झालेल्या अशाच काळ्या बेसाल्टचा. थोडक्यात, खडकाच्या बाबतीत खान्देश यांच्याच पंगतीला बसणारा आहे.

मग फरक कोठे पडतो? पाण्यात. इग्वासू ही सुमारे १,३०० किलोमीटर लांबीची नदी. ती एका विस्तीर्ण, पावसाळी प्रदेशाचे पाणी गोळा करून धबधब्यापाशी येते आणि म्हणून तो बारा महिने वाहतो. आपल्याकडचे ओढे कड्याच्या माथ्यावर, जेमतेम काही किलोमीटर मागे उगम पावतात. शिवाय खान्देशात पाऊस बेताचा. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. जळगावला तो सातशेच्या आसपास, धुळ्याला त्याहूनही कमी. त्यामुळे आपला इग्वासू वर्षातून दोन-तीन महिनेच जागा होतो आणि उरलेले दिवस नुसता जिना दिसतो.

कड एकाएकी संपते तेव्हा

खान्देशची भूमी ही दोन डोंगररांगांमधली द्रोणी आहे. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मध्ये तापी. देशातील बहुतेक मोठ्या नद्या पूर्वेकडे धावत असताना तापी मध्य प्रदेशातील मुलताईपाशी उगम पावते आणि ७२४ किलोमीटरचा प्रवास करून पश्चिमेला सुरतेजवळ समुद्राला मिळते. यामागे भूगर्भातील प्रस्तरभंग आहेत. दोन्ही बाजूंच्या भेगांमधला जमिनीचा पट्टा खचला आणि त्या खोलगट भागातून नदी वाहू लागली. पुढे तिने आणि तिच्या उपनद्यांनी तो भाग गाळाने भरत आणला. केळी, कापूस पिकवणारी आपली सपाट काळी जमीन म्हणजे या खचलेल्या दरीचा भरलेला तळ होय.

यातून एक गमतीची गोष्ट घडते. अजिंठ्याच्या रांगेची उत्तरेकडची, म्हणजे आपल्या बाजूची कड ताठ तुटलेली आहे, तर दक्षिणेकडे ती मराठवाड्याच्या पठारात हळूहळू मिसळून जाते. छत्रपती संभाजीनगरहून सिल्लोडमार्गे येणाऱ्याला डोंगर असा लागतच नाही. शेते, बाभळी, गावे, पुन्हा शेते. आणि मग अकस्मात पायाखालची जमीन संपते. समोर काही नाही, खाली शंभर-दीडशे मीटरवर झाडांचे शेंडे, आणि पलीकडे दूरवर पसरलेला खान्देश. श्वास रोखला जातो तो उंचीमुळे तितकासा नाही. महाराष्ट्रात याहून उंच जागा पुष्कळ आहेत. मन सपाटीवर सैलावलेले असते आणि दरीची पूर्वसूचना मिळालेली नसते, म्हणून तो धक्का बसतो.

हीच कड पाणलोटाचीही सीमा आहे. कन्नडच्या पठारावर पडलेल्या एकाच सरीतला एक थेंब उत्तरेला घरंगळला तर गिरणा आणि तापीतून अरबी समुद्राला मिळतो. हातभर दक्षिणेला पडलेला त्याचा सोबती शिवना आणि गोदावरीमार्गे बंगालच्या उपसागराला जातो.

सातकुंडापलीकडचा माथा

अजिंठ्याची लेणी प्रशासकीयदृष्ट्या छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात असली, तरी बहुतेक जग तेथे जळगावमार्गे येत आले आहे. अंतर सुमारे साठ किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्यावर आपले वाहन ठेवून पुढचे चार किलोमीटर तेथील बसने जावे लागते. लेण्यांविषयी लिहिण्याचे हे स्थळ नव्हे, त्यावर ग्रंथ आहेत. येथे बोलायचे आहे ते लेण्यांच्या समोरच्या माथ्याविषयी. बहुसंख्य प्रवासी तेथे जातच नाहीत. लेणी पाहून पाय दुखलेले असतात, बसची वेळ झालेली असते. खाली नदीवरच्या पुलावरून पलीकडे जाऊन पायऱ्या आणि पायवाट चढण्याची तयारी असेल, त्यालाच ते दृश्य लाभते. चालण्याची सवय असलेल्यास ही चढण फार नाही. ज्यांना ते शक्य नाही त्यांच्यासाठी वरच्या लेणापूर गावाच्या बाजूने रस्त्यानेही माथ्यावर पोहोचता येते.

वर उभे राहिल्यावर वाघूर (लेण्यांपाशी तिला वाघोरा म्हणतात) घोड्याच्या नालेसारखे वळण घेताना दिसते. त्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला सुमारे ७५ मीटर उंचीचा उभा कडा आहे आणि कड्याच्या मध्यावर, गळ्यातल्या माळेसारखी, तीस लेणी ओवलेली आहेत. थरांचे गणित मनात ठेवून पाहिले तर त्या प्राचीन शिल्पींची जाण थक्क करते. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकात पहिली छिन्नी चालवणाऱ्यांना भूगर्भशास्त्र हा शब्द माहीत नव्हता. पण कोणता दगड छत पेलेल आणि कोणता ढासळेल, हे त्यांना नेमके कळत होते. लेण्यांच्या वर आणि खाली पायऱ्यांच्या पट्ट्या दिसतात. लेणी घडली ती मधल्या घट्ट खडकात. वळणाच्या वरच्या टोकाशी वाघूर एका कुंडातून दुसऱ्या कुंडात उड्या घेत उतरते. ते सातकुंड. इग्वासूचे पाणी ज्या रीतीने खाली येते, तीच ही रीत, आकाराने मात्र घरगुती.

२८ एप्रिल १८१९ रोजी मद्रास लष्करातील जॉन स्मिथ हा अधिकारी शिकारीच्या निमित्ताने या भागात आला असता समोरच्या माथ्यावरून त्याला दहाव्या लेण्याची कमान दिसली, असे सांगतात. त्याने आपले नाव आणि तारीख त्या लेण्यातील खांबावर कोरून ठेवली. ऐतिहासिक वारशावर नाव खरडण्याची वाईट खोड केवळ आपल्याच पर्यटकांची नव्हे, याचा हा दाखला. ‘शोध लावला’ हे शब्दही जपूनच वापरावेत. परिसरातील गुराख्यांना ही लेणी ठाऊक होतीच. स्मिथमुळे ती बाहेरच्या जगाला कळली, इतकेच म्हणता येईल.

पुढे १८४४ मध्ये रॉबर्ट गिल या सैनिकी अधिकाऱ्याची येथील भित्तिचित्रांच्या प्रतिकृती करण्यासाठी नेमणूक झाली. काही काळापुरता आलेला हा माणूस या दरीतून मनाने कधी परतलाच नाही. त्याने वर्षानुवर्षे खपून केलेली चित्रे लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडली होती. १८६६ च्या आगीत त्यांपैकी बहुतेक भस्मसात झाली. १८७९ मध्ये गिल मरण पावला. त्याची कबर भुसावळला आहे. रोज हजारो प्रवासी ज्या जंक्शनवर गाडी बदलतात, त्याच गावात जग ओलांडून एका दरीसाठी आलेला हा माणूस विसावला आहे, हे भुसावळकरांपैकीही किती जणांना माहीत असेल, शंकाच आहे.

माथ्यावरून उतरताना आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी. लेण्यांसमोरून वाहणारी ही वाघूर उत्तरेकडे येते आणि तापीला मिळण्यापूर्वी धरणात अडवली जाते. जळगाव शहराची तहान त्याच वाघूर धरणावर भागते. म्हणजे सातकुंडात उड्या मारणारे पाणी आणि आपल्या नळाला येणारे पाणी हे एकाच नदीचे.

पाटणादेवी, आणि तोच उतार पुरासाठी

अजिंठ्याहून पश्चिमेला हीच कड चाळीसगावच्या दक्षिणेला येते, तेथे पाटणादेवी आहे. चाळीसगावपासून अंतर १८ किलोमीटरच्या आसपास. तिन्ही बाजूंनी कडे आणि मध्ये चंडिकेचे प्राचीन मंदिर अशी ही जागा गौताळा औट्रमघाट अभयारण्यात मोडते. पावसाळ्यात कड्यांवरून पांढऱ्या रेघा उतरू लागतात. त्यांतील धवलतीर्थ आणि केदारकुंड हे दोन धबधबे विशेष प्रसिद्ध. गणितज्ञ भास्कराचार्यांची परंपरा या पाटणशी निगडित आहे. त्यांचे नातू चांगदेव यांनी भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापल्याचा १२०७ मधील शिलालेख मिळाला आहे. आकाशातील ग्रहांची गती शिकवण्यासाठी निवडलेली जागा अशी चहूबाजूंनी डोंगरांनी वेढलेली असावी, याचे पहिल्या भेटीत नवल वाटते. रात्री तेथे थांबण्याचा योग आला तर ते ओसरते. गावांचे दिवे कड्यांआड जातात आणि वर उरते ते निखळ आकाश.

अभयारण्याच्या नावातील औट्रम म्हणजे जेम्स औट्रम. १८२५ मध्ये खान्देशात भिल्ल पलटण उभारणारा हा इंग्रज अधिकारी धरणगावी राहिला. त्याचे नाव कन्नडच्या घाटालाही मिळाले. त्याच धरणगावात १८९० मध्ये त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, जन्माला आले. मराठीतील सर्वांत कोवळी निसर्गकविता लिहिणारा कवी कोकणातला नव्हे, रूक्ष म्हणून हिणवल्या गेलेल्या खान्देशातला, ही गोष्ट खान्देशी माणसाने जरा अभिमानाने सांगायला हरकत नाही.

चाळीसगावाबद्दल लिहिताना केकी मूस यांना टाळून पुढे जाणे अशक्य. इंग्लंडमध्ये कलेचे शिक्षण घेऊन, जग पाहून आलेला हा छायाचित्रकार १९३८ च्या सुमारास चाळीसगावी परतला आणि आयुष्याची पुढची सुमारे पन्नास वर्षे त्याने रेल्वे स्थानकाजवळच्या आपल्या बंगल्यात, जवळजवळ बाहेर न पडता काढली. १९८९ च्या अखेरीस तेथेच त्याचे निधन झाले. त्याची ख्याती आहे ती ‘टेबलटॉप’ छायाचित्रांसाठी. घरातील साध्यासुध्या वस्तू मेजावर मांडायच्या, प्रकाश साधायचा आणि कॅमेऱ्यातून असे काही टिपायचे, की पाहणाऱ्याला बर्फाच्छादित प्रदेश दिसावा. तो बंगला आता कलादालन आहे. पाटणादेवीला जाणाऱ्यांनी तासभर काढून ते अवश्य पाहावे. दृश्य हे जागेत जितके असते तितकेच पाहणाऱ्याच्या नजरेत असते, हे त्याने चार भिंतींत सिद्ध केले. आपल्याला मात्र, सुदैवाने, भिंतींबाहेर जाण्याची मोकळीक आहे.

आता याच कड्याची दुसरी बाजू. ३० ऑगस्ट २०२१ च्या रात्री आणि ३१ तारखेच्या पहाटे कन्नड घाट आणि पाटणादेवीच्या परिसरात अतिवृष्टी झाली. घाटात दरडी कोसळल्या, वाहतूक ठप्प झाली. डोंगरी आणि तितूर या नद्यांना पूर येऊन चाळीसगाव शहरात आणि नदीकाठच्या गावांत पाणी शिरले, शेतजमिनी खरवडून निघाल्या आणि मोठ्या संख्येने गुरे वाहून गेली. ताठ कड, आखूड ओढे, कठीण खडक. पाण्याला मुरायला जागा नाही, वाटेत रेंगाळायला वेळ नाही. ज्या कारणाने पाटणादेवीचा धबधबा इतका देखणा कोसळतो, त्याच कारणाने खालच्या गावाला पुराची वर्दी द्यायला फार थोडे तास मिळतात. कुंडात उतरून छायाचित्र काढून घेणाऱ्या उत्साही मंडळींनीही हे समजून घ्यावे. आपल्या डोक्यावर ऊन असते, पण पाऊस माथ्यावर पडलेला असतो. ओढ्याचे पाणी एकदम गढूळ झाले, पाने-काटक्या वाहत येऊ लागल्या, की छायाचित्र राहू द्यावे आणि काठ गाठावा.

धुळ्याच्या भिंती

धुळे जिल्ह्याचा निसर्ग निराळ्या जातीचा आहे आणि त्याची दखल पर्यटनाच्या पुस्तिकांपेक्षा भूगर्भशास्त्राच्या नियतकालिकांनी अधिक घेतली आहे. लाव्हा ज्या भेगांतून वर आला, त्यांपैकी कित्येक भेगांत तो तसाच गोठून राहिला. आजूबाजूचा खडक कालांतराने झिजला आणि भेगेतला चिवट खडक भिंतीसारखा उभा राहिला. शास्त्रज्ञ याला ‘डाइक’ म्हणतात. धुळे आणि नंदुरबार या दोन जिल्ह्यांत अशा दोनशेहून अधिक भिंतींची नोंद झालेली आहे. बहुतेक सगळ्या पूर्व-पश्चिम, जणू एकाच हाताने ओळंबा लावून बांधलेल्या. त्यांतील सर्वांत लांब भिंत साक्रीकडून धुळ्यावरून पारोळ्याकडे ७९ किलोमीटर जाते.

धुळ्याहून साक्रीकडे सुरतेच्या महामार्गाने जाताना, किंवा साक्रीहून निजामपूरच्या दिशेने वळल्यावर, माळावर अचानक उठणारे काळे, अरुंद, लांबट कणे दिसतात. लहानपणी आम्हाला ते एखाद्या पडक्या किल्ल्याचे तट वाटत. वडीलधाऱ्यांना विचारावे तर ‘देवाची भिंत आहे’ एवढेच उत्तर मिळे. जगात इतक्या दाटीने आणि इतक्या स्पष्टपणे लाव्ह्याच्या वाटा उघड्यावर पाहायला मिळणारी ठिकाणे मोजकी आहेत. सायंकाळी ऊन तिरपे झाले, की प्रत्येक भिंतीची लांब सावली माळावर पडते. पाहायची वेळ ती. दुपारी बारा वाजता मात्र तेथे दगड सोडून काही दिसणार नाही.

यावरून आठवले. काही वर्षांपूर्वी पुण्याचा माझा मावसभाऊ नुकताच आइसलँड पाहून आला होता. तेथील लाव्ह्याची वर्णने ऐकून कान किटले, तेव्हा त्याला म्हटले, चल, आमचाही लाव्हा दाखवतो. महिना एप्रिलचा. लळिंगचा किल्ला धुळ्यापासून दहा किलोमीटरवर, मुंबई-आग्रा महामार्गाला खेटून आहे. फारुकी सुलतानांच्या काळी त्याचे महत्त्व मोठे होते. आम्ही सकाळी नऊला चढायला लागलो आणि अर्ध्या वाटेवर भावाची बाटली संपली. सगळीकडे पिवळे गवत, निष्पर्ण अंजनाची झाडे, तापलेला दगड. ‘हेच का ते?’ असे त्याने विचारले नाही, पण चेहऱ्यावर ते स्वच्छ लिहिलेले होते. खाली शेळ्या राखणारा एक म्हातारा भेटला. आमची अवस्था पाहून तो हसला आणि अहिराणीत म्हणाला, ‘आते काय शे आठे, भाऊ? पानी पडनं का मंग या.’ आता काय आहे येथे, पाऊस पडला की मग या.

त्याचे म्हणणे मानून आम्ही ऑगस्टच्या शेवटी पुन्हा गेलो. तोच डोंगर, पण ओळखू येईना. गवत गुडघ्याच्या वर, तटावर ढग टेकलेले, आणि लळिंगच्या कुरणातून पाण्याचा आवाज. मावसभाऊ तासभर काही बोलला नाही. आइसलँडचा विषयही निघाला नाही.

याच कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर धुळ्याला आले असता या बंगल्यात थांबले होते. दर वर्षी ३१ जुलैला हजारो लोक त्या आठवणीने येथे जमतात. जुलैअखेर म्हणजे कुरण नुकतेच हिरवे होण्याची वेळ. निसर्गदर्शनासाठी म्हणून आलेली ही गर्दी नव्हे. पण खान्देशच्या पावसाळ्याचे सर्वांत मोठे सामुदायिक दर्शन तीच घेते, असे म्हटले तर चुकीचे ठरू नये.

उत्तरेची बाजू

सातपुड्याकडे वळताच पाण्याची तऱ्हा बदलते. यावल तालुक्यातील मनुदेवीचे स्थान डोंगराच्या कुशीत असून देवळासमोरच धबधबा कोसळतो. श्रावणात तेथे पाय ठेवायला जागा नसते. मौज पुढे आहे. सातपुड्यातून दणाणत उतरलेले ओढे पायथ्याच्या गोट्या-वाळूच्या जाड थरांत शिरतात आणि काही अंतरावर दिसेनासे होतात. पाणी जमिनीखाली जाते. यावल, रावेर भागातील विहिरींनी आणि कूपनलिकांनी पिढ्यान् पिढ्या हेच मुरलेले पाणी उपसले आणि त्यावर केळीच्या बागा उभ्या राहिल्या. डोंगराच्या सोंडेवरून खाली पाहिले असता केळीची जी अखंड हिरवी चादर दिसते, ती म्हणजे एका अदृश्य नदीचा पृष्ठभागच म्हणावा. भूजलाची पातळी वर्षानुवर्षे खाली चालली आहे, हे वाचकांना नव्याने सांगायला नको.

तोरणमाळचा उल्लेख न केल्यास धुळेकर रागावतील. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा वेगळा झाल्यापासून ते नकाशावर तिकडे गेले, पण जुन्या धुळेकरांच्या मनात ते अजून आपलेच आहे. यशवंत तलाव, सीताखाईची खोल दरी आणि शहाद्याकडून चढणारा वळणांचा घाट या तीन गोष्टींसाठी दोन दिवस काढावेत. हिवाळ्यात जाणाऱ्यांना वेगळा पर्याय म्हणजे मुक्ताईनगर तालुक्यातील चांगदेव. तापी आणि पूर्णा यांचा संगम, काठावर काळ्या दगडाचे जुने मंदिर आणि हतनूर धरणामुळे पसरलेले विस्तीर्ण पाणी. थंडीत या जलाशयावर दूरदेशीचे पक्षी उतरतात. स्टेशनवरच्या परदेशी प्रवाशांहून यांची चिकाटी अधिक. ते चालत्या गाडीशिवाय येतात.

माथ्यावर काय उरले आहे

धबधबा किती दिवस वाहणार हे पावसाइतकेच माथ्यावरच्या झाडोऱ्यावर ठरते. गवत आणि झाडे असतील तर सरीचे पाणी अडते, मुरते आणि झऱ्यांतून आठवडेच्या आठवडे पाझरत राहते. माथा उघडा असेल तर तेच पाणी दोन तासांत मातीसकट खाली येते. दोन दिवस गढूळ धबधबा, तिसऱ्या दिवशी कोरडा दगड. खान्देशच्या कड्यांवर गेल्या काही दशकांत अनेक ठिकाणी दुसरा प्रकार अधिक दिसू लागला आहे, हे येथे मान्य केले पाहिजे.

उलट उदाहरणही आपल्याच जिल्ह्यात आहे. साक्री तालुक्यातील बारीपाडा हे आदिवासी गाव एके काळी उजाड डोंगर आणि पाणीटंचाई यांनी गांजलेले होते. १९९० च्या दशकाच्या आरंभी चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने गावाने कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी स्वतःवर लादून घेतली. जंगल तोडणाऱ्याला दंड आणि राखणदारीची पाळी असे नियम गावसभेनेच केले. चारशे हेक्टरहून अधिक जंगल असे राखले गेले. झरे परत वाहू लागले, विहिरींना पाणी आले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. येथे भरणारा वनभाज्यांचा उत्सव पाहायला आता शहरांतून माणसे जातात. धुळे तालुक्यातील लामकानीच्या ग्रामस्थांनीही चराईबंदी करून आपले माळ पुन्हा गवताखाली आणले आहेत. बारीपाड्याच्या डोंगराला कोणत्याही पर्यटन नकाशावर ‘पॉइंट’ म्हणून जागा नाही. पण उन्हाळ्यात, भोवतीचे डोंगर तांबडे पडलेले असताना, हा एक डोंगर वेगळ्या रंगाने उठून दिसतो आणि धबधब्याइतकाच वेळ माणसाला उभे करून ठेवतो.

जाण्याचा विचार असेल तर वेळ साधण्यावर सर्व काही अवलंबून आहे. पहिल्या पावसात घाई करू नये. जमीन तहानलेली असते आणि पाणी कड्यापर्यंत पोहोचतच नाही. ऑगस्टचा मध्य ते सप्टेंबरअखेर हा काळ सर्वोत्तम, त्यातही चांगला पाऊस होऊन गेल्यावरचा दुसरा-तिसरा दिवस. तेव्हा हवा धुतलेली असते आणि जळगावच्या कोणत्याही गच्चीवरून उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसते. ती दिसली, की दुसऱ्या दिवशी सकाळी निघावे. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, हे परगावच्या पाहुण्यांना आधीच सांगावे. फर्दापूरला शक्य तितक्या लवकर पोहोचावे आणि लेण्यांच्या आधी समोरचा माथा चढून घ्यावा, म्हणजे ऊनही लागत नाही आणि पायांत बळही असते. पाटणादेवीच्या वाटेवर खाण्याची सोय बेताचीच, तेव्हा शिदोरी बरोबर असलेली बरी. कळण्याची भाकरी आणि ठेचा दिवसभर टिकतो. रिकाम्या पिशव्या मात्र परत आणाव्यात. दसऱ्यापर्यंत पाण्याचा जोर ओसरतो, आणि दिवाळीला सातकुंडाची धार करंगळीएवढी झालेली असते.